सव्वा मूठ गहू

जिजी कामावरून आली की आधी दारातल्या दगडावर बसायची. आत यायची तिला घाई नसे. पाय लांब पसरून, दोन्ही हात मांडीवर उताणे टाकून ती नुसती बसून राही. आई पाण्याचा तांब्या आणून द्यायची, पण तो उचलण्याचं त्राणही तिच्या हातांत नसायचं. मग मीच तांब्या तिच्या तोंडाला लावायचे. दोन घोट पाणी घशाखाली उतरलं की ती डोळे मिटून म्हणायची, "हं. आते बरं वाटस." तेवढ्यावर तिचा थकवा संपला, असं आम्ही धरून चालायचो. माणूस थकतो म्हणजे काय होतं, ते त्या वयात कुठे कळतं? आता जळगावच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात जिना चढून आले की मीही पायरीवरच टेकते. सून दार उघडून विचारते, "आई, काही होतंय का?" होत काहीच नसतं. नुसतं बसावंसं वाटतं.

जिजी म्हणजे माझ्या वडिलांची आई. आजोबा वडिलांच्या लहानपणीच गेले. जिजीच्या पदरात दोन मुलं होती, माझे वडील आणि लीलाआत्या. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. ते अमळनेरच्या एका तेलाच्या गिरणीत कामाला होते. गिरणीच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या, तेच आमचं घर. हवेला कायम शेंगदाण्याच्या पेंडीचा खरपूस वास. पाहुणे आले की नाक वर करून विचारायचे, काय भाजताय? आम्हाला तो वास येतच नसे. भोंगा झाला की नाना जेवणाचा डबा घेऊन निघायचे, आणि त्याच सुमाराला जिजी पिशवीत कापडी चाळण, कामाचं जुनं लुगडं आणि तंबाखूची डबी घालून निघायची. तिला कुठे ना कुठे लग्नघरी मांडे करायला जायचं असे.

आमच्याकडे लग्नात मांडे लागतातच. बाहेरच्या लोकांना वाटतं, ती मोठी पुरणपोळी. असेल. पण पोळी पोळपाटावर लाटतात, मांडा हातावर वाढवतात. वस्त्रगाळ पीठ पाणी आणि तेल लावून इतकं तिंबायचं की ते रबरासारखं ताणलं पाहिजे. त्यात पुरण भरून गोळा दोन्ही हातांवर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर असा झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायचा. चुलीवर उपडं घातलेलं मातीचं खापर. त्यावर मांडा अलगद सोडायचा. सुरकुती पडली की गेला. जिजीचा मांडा धोतराच्या पानासारखा पातळ असायचा, पलीकडचा जाळ दिसायचा. दिवसभर अशा चुलीसमोर बसून तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत एक केस उरला नव्हता. दोंडाईच्यापासून बोदवडपर्यंत तिला बोलावणी यायची. ती रेल्वेने, एसटीने, कधी बैलगाडीतून जायची आणि यायची. लग्नघरचं जेवण मात्र ती तिथे जेवत नसे. घरी येऊन ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, कच्चं तेल आणि लाल मिरचीचा ठेचा खायची. म्हणायची, दिवसभर गोडाच्या वाफेत बसलं की जिभेला तिखटच लागतं.

आणि तिची कानबाई, आमच्याकडची श्रावणातली देवी. जिजी पहाटे जात्यावर बसली की कानबाईची गाणी म्हणायची. तिचा आवाज जाड होता, सूर जात्याच्या घरघरीत मिसळून जायचा. आम्ही गोधडीत पडल्या पडल्या ऐकायचो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. चौरंगावर नारळ, त्याला नथ, मणी, नवा खण, चारी बाजूंना केळीचे खांब. आमच्या भाऊबंदकीची देवी आमच्याच घरी बसायची, कारण मोठे चुलत आजोबा, आबा, यांची बायको वारल्यावर जिजीच घराण्यातली वडीलधारी बाई उरली होती. आदल्या दिवशी, शनिवारी, रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू मोजायचे. आमच्या घराण्यात कुळातल्या एकेका माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायची रीत होती. आबा नाव घ्यायचे आणि जिजी मूठ भरायची. लग्न करून घरात आलेल्या सुनांची मूठ असे, आमच्यासारख्या कुमारिकांची असे. मुलगी लग्न होऊन गेली की तिची मूठ बंद. ती त्या घरची झाली. त्या गव्हाचे रोट फक्त कुळातल्या माणसांनी खायचे. तुकडासुद्धा बाहेरच्याला द्यायचा नाही, उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही आणि टाकायचा तर मुळीच नाही. माझं नाव आलं की मी श्वास रोखून जिजीच्या हाताकडे पाहायचे. ती माझी मूठ जरा जास्तच भरते, असं मला वाटायचं. आपण या घरातले आहोत, हे वर्षातून एकदा असं मोजून कळायचं.

लीलाआत्या बोदवडकडच्या एका खेड्यात दिली होती. मी फार लहान असताना तिचं लग्न झालं. ती सातवीची परीक्षा पास झालेली, हसरी, लांब वेणीची. मला पाटीवर अक्षरं तिनेच काढायला शिकवली. लग्नाला चार वर्षं झाली तरी मूल नव्हतं. मग तिथलं सगळं बिघडत गेलं. एकदा ती एकटीच ट्रंक घेऊन आली. चार दिवस राहिली. जिजीने तिला न्हाऊ घातलं, तेल लावलं, आणि नानांबरोबर परत पाठवलं. वर्षभराने पुन्हा आली, या वेळी ट्रंकही नव्हती. जिजी स्वतः तिला घेऊन स्टँडवर गेली आणि एकटीच परत आली. त्या दिवशी ती दगडावर बसली नाही, सरळ आत जाऊन गव्हाची परात पुढे ओढून निवडायला लागली. मी विचारलं, "आत्या रडत होती का?" जिजी म्हणाली, "गप बस."

आणि तिसऱ्यांदा आत्या आली ती नेमकी रोटाच्या शनिवारी.

दुपारची वेळ होती. घर सारवलेलं, जातं धुऊन वाळवलेलं, मधल्या खोलीत पांढऱ्या धोतरावर गव्हाची रास. आई आणि मी शेवटचे खडे काढत होतो. दारात सावली पडली म्हणून मी वर पाहिलं. आत्या अनवाणी उभी होती. उजवा हात फाटक्या लुगड्याच्या पट्टीने गळ्यात बांधलेला, मनगट सुजून काळंनिळं झालेलं. वेणी नव्हती. केस कुणीतरी कात्रीने वेडेवाकडे कापले होते. ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली, "माय, माले परत धाडू नको."

जिजी उठली. मला वाटलं, ती आत्याला जवळ घेईल, रडेल. तसलं काही तिने केलं नाही. तिने आत्याचा डावा हात धरून तिला आत आणलं, भिंतीला टेकवून बसवलं आणि हळद कालवायला आईला सांगितलं. लेप लावताना आत्या कण्हली तेव्हा जिजी एवढंच म्हणाली, "हात धुई ले. भाकर खाय." सुजलेला हात धुणार कसा, हेही तिच्या ध्यानात आलं नाही. मग तिनेच आत्याच्या तोंडात घास घातले.

थोड्या वेळाने आबा आले. धोतर, काळी टोपी, हातात काठी. सगळी भाऊबंदकी त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती. त्यांच्यामागून चुलत घरांतली चारपाच माणसं आली, भिंतीकडेला बसली. आत्याला पाहून आबांनी मान वळवली. जिजी डोक्यावरचा पदर पुढे ओढून राशीसमोर बसली आणि आबा नावं घेऊ लागले. आधी त्यांचं स्वतःचं, मग त्यांची मुलं, सुना, नातवंडं, मग इतर घरं, शेवटी आमचं. जिजी, नाना, आई, मी, माझा चार वर्षांचा भाऊ बापू. प्रत्येक नावाला मूठ पाटीत पडत होती आणि वरचा पाव चिमटीने सोडला जात होता. मोजणी संपवत आबा म्हणाले, "व्हयनं."

"एक मूठ ऱ्हायनी," जिजी म्हणाली.

"कोनी?"

"मन्ही लीलानी."

आबा रागावले नाहीत. ते समजावणीच्या सुरात बोलले, आणि आता वाटतं, त्यांच्या जागी ते बरोबरच बोलत होते. "प्रल्हादनी माय, देयेल आंडेरनी मूठ नही ऱ्हास. तुले काय मी सांगू?" प्रल्हाद म्हणजे माझे वडील, आणि देयेल आंडेर म्हणजे लग्न करून दिलेली मुलगी.

"ती आते आठेच ऱ्हाई. आठे ऱ्हाई ते आठलीच शे." इथे राहील ती इथलीच, असं जिजीचं म्हणणं.

"कानबाई कोपनी म्हनजे? बठ्ठास्नी देवी शे. तुन्ही एकलीनी नही."

"कोपू दे," जिजी म्हणाली. तिने मान वर केली नव्हती. "मन्हावर कोपू दे."

भिंतीशी बसलेली आत्या रडत म्हणाली, "माय, मन्हासाठे नको करू." त्यावर मात्र जिजी तिच्यावर खेकसली, "तू गप बस." आणि राशीत हात घालून मूठ भरली. मला तो हात आठवतो. मूठ इतकी भरलेली होती की बोटांच्या फटींतून गहू गळत होते. सांडलेले दाणे तिने एकेक करून वेचले, मुठीत घातले, आणि मूठ पाटीत सोडली. वरचा पावही सोडला.

आबा उठले. काठी टेकत दारापर्यंत गेले आणि नानांना म्हणाले, "उद्या आमची वाट पाहू नका." त्यांच्यामागून बाकीचेही उठले. नाना दाराशी नुसते उभे होते. आयुष्यात कुणावर आवाज न चढवलेला माणूस तो. एकदा आबांकडे, एकदा आईकडे पाहून ते गिरणीच्या दिशेने निघून गेले, त्यांना त्या दिवशी सुट्टी होती तरी.

रविवारी कानबाई बसली. गाणी म्हणायला शेजारच्या दोन बायका आल्या, पण रोट खायला कुणी आलं नाही. आणि आता तो खरा प्रश्न होता. पाटीत पाच घरांच्या मुठी पडलेल्या होत्या. मोजलेले गहू परत राशीत घालता येत नाहीत, कुणाला देता येत नाहीत, टाकता येत नाहीत. ते सगळं जिजीने दळलं, भाजलं, आणि आम्ही सहा जणांनी खाल्लं. सोमवारी बोरी नदीवर देवीला पाणी दाखवून आणलं. तिथे दरवर्षी बायका फुगड्या घालतात. त्या वर्षी जिजी आणि आई दोघीच पाण्यात उभ्या होत्या, एकमेकींकडे न पाहता. मग रोज रोट. सकाळी दुधात कुस्करून, दुपारी गुळाच्या पाण्यात, संध्याकाळी पुन्हा. बाहेर न्यायचा नाही म्हणून नानांच्या डब्यातही नाही. ते कामाला जाण्याआधी मुकाट्याने दोन रोट खाऊन जायचे. तिसऱ्या दिवसापासून रोट इतके कडक झाले की जिजी वरवंट्याने फोडून द्यायची. आत्या डाव्या हाताने खायची. कुणी नको म्हणत नव्हतं. उत्सवाचं अन्न इतकं जड होऊ शकतं, हे मी तेव्हा शिकले.

चौथ्या दिवशी बापूला ताप आला.

साधा ताप म्हणून आईने दोन दिवस काढा दिला. तो उतरेना. पोर डोळे फिरवायला लागलं तेव्हा आईचा इतक्या दिवसांचा बांध फुटला. माझी आई धुळ्याची, मवाळ बोलणारी. सासूला तिने कधी उलटून उत्तर दिलं नव्हतं. त्या सकाळी ती बापूला छातीशी धरून ओरडली, "तुमच्या लेकीसाठी माझं पोर घालवलंत तुम्ही! सांगत होते ना आबा!" आत्या कोपऱ्यात होती. तिने दोन्ही कानांवर हात ठेवले, सुजलेला हातसुद्धा.

जिजी देवीच्या चौरंगाकडे गेली नाही. तिने बापूला आईच्या हातातून घेतलं, गोधडीत गुंडाळलं आणि दवाखान्याकडे चालू लागली. आम्ही मागे. रस्त्यात एकदा ती थांबली, धाप लागली होती. आईकडे वळून म्हणाली, "दोनदाव मी मन्ही पोर परत धाडी. तव्हय देवी काही बोलनी नही. आते काबरं कोपी?" ती आईला समजावत होती की स्वतःला विचारत होती, मला आजही सांगता येणार नाही. तिचे ओठ पांढरे पडले होते. जन्मभर जिच्यावर भार टाकला, ती देवी खरंच रागावली असली तर, ही भीती तिच्या डोळ्यांत दिसत होती. भीत भीतच ती चालत होती.

विषमज्वर निघाला. बापू अठरा दिवस दवाखान्यात होता. पहिले काही दिवस डॉक्टर नीट उत्तर देत नसत, नुसती मान हलवत. नाना गिरणीतून परस्पर तिकडे यायचे. जिजीने त्या काळात एकाही लग्नघराला हो म्हटलं नाही. पण खाटेजवळ सगळ्यात जास्त बसली ती लीलाआत्या. तिचा हात तिथेच प्लास्टरमध्ये घातला होता, त्यामुळे घरकाम तिला जमत नव्हतं. ती बापूच्या कपाळावर पट्ट्या ठेवायची, औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून वेळेवर औषध द्यायची. मग शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीलाही द्यायला लागली. एक दिवस वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर तिच्याजवळ थांबल्या.

"वाचता येतं तुला?"

"सातवी पास आहे."

"मग घरी बसून काय करतेस? धुळ्याला नर्सबाईंचं शिक्षण असतं. फॉर्म मी आणून देते."

बापू घरी आला तेव्हा काडीसारखा झाला होता, पण हसत होता. आई पुढे महिनाभर जिजीशी बोलली नाही. मग एके दिवशी जिजी कामावरून येऊन दगडावर बसली, तेव्हा मी शाळेत होते म्हणून तांब्या आईनेच तिच्या तोंडाला लावला. आई मला हे पुष्कळ वर्षांनी सांगत होती. म्हणाली, त्यानंतर मग बोलणं आपोआप सुरू झालं, काय बोललो ते आठवत नाही. आबा मात्र शेवटपर्यंत आमच्या उंबऱ्यात आले नाहीत. भाऊबंदकीची कानबाई त्यांच्या थोरल्या सुनेने बसवली, आमची आम्ही. जिजी दर दिवाळीला मला आणि बापूला त्यांच्या पाया पडायला पाठवायची. ते आमच्या हातावर बत्तासा ठेवायचे आणि जिजीबद्दल विचारायचे, "माय बरी शे ना?" एवढंच. ज्या वर्षी ते वारले त्या वर्षी जिजी तेरा दिवस गोडाला शिवली नाही.

आत्या धुळ्याला शिकली, नर्स झाली, तिथेच तिला सरकारी खोल्या मिळाल्या. तिने पुन्हा लग्न केलं नाही. जिजीचे हात कामातून गेले, खांदा वर होईना, तेव्हा ती धुळ्याला लेकीकडे राहायला गेली. आईबापाने लेकीकडे राहणं आमच्यात बरं दिसत नाही. जिजी म्हणायची, "दिसू दे."

मी तेव्हा शिक्षिका झाले होते. एका मे महिन्यात चार दिवस तिच्यासोबत होते. आत्या ड्यूटीवर गेलेली. दुपारी पंख्याखाली आम्ही दोघी आडव्या पडलो होतो. जिजी एकदम म्हणाली, "दुसरांदाव ती ऊनी व्हती ना, तव्हय तिनी माले बठ्ठं सांगेल व्हतं."

मी उठून बसले. दुसऱ्या खेपेला आत्या काही बोलली नव्हती, सासरचं तिने सगळं लपवलं, असंच आमच्या घरात सगळे धरून चालले होते.

"काय काय सांगितलं?"

"बठ्ठं. कोंडतस, मारतस, उपाशी ठेवतस. तिना पाठवर वळ व्हतात, मी मन्हा डोयानी देखात." ती छताकडे पाहत होती. "तरी मी तिले गाडीमा बसाडी दिधं. दुसऱ्या दिनले दोंडाईचाले लगीन व्हतं. मी शब्द देयेल व्हता. म्हनलं, लगीन उरकी जाऊ दे, मंग देखसू. मंग दुसरं लगीन निंघनं. मंग तिसरं. मी गऊच नही."

मी तिचा हात हातात घेतला, तर तिने तो सोडवून घेतला.

"आत्याला तू कधी हे बोललीस?"

"काय बोलू? तिले काय ठाऊक नही? तिनी माले कव्हयच इचारं नही. इचारती ते बरं व्हतं."

संध्याकाळी आत्या आली. पांढरी साडी, घामाने मान ओली, पायांवर सूज. चपला काढता काढताच तिने विचारलं, "माय, गोळी घेतली का?" जिजी म्हणाली, घेतली. घेतली नव्हती, ती उशाशीच होती. आत्याने ती उचलली, पाणी आणलं, जिजीच्या मानेखाली हात घालून तिला उठवलं. तिच्या त्या मनगटाचं हाड वाकडंच जुळलं होतं, वजन पडलं की दुखायचं. तरी तिने त्याच हाताने जिजीला धरलं. गोळी गिळून होईपर्यंत जिजी तिच्या तोंडाकडे बघत होती, काहीतरी विचारायचं असल्यासारखी. आत्याने तिला अलगद निजवलं आणि कणीक मळायला आत गेली.

जिजी त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गेली. आत्याला मी ते दुपारचं बोलणं कधी सांगितलं नाही. आधी धीर झाला नाही, पुढे वाटलं, आता कशाला. गेल्या हिवाळ्यात आत्याही गेली. सांगायला हवं होतं.